बालसाहित्याचा अभ्यास : विविध विद्याशाखांतून

मुलांसाठी लिहिलेल्या, सांगितलेल्या किंवा मुलांनीच आपल्याशा केलेल्या साहित्याचा अभ्यास. याची स्वतःची अशी एकच पद्धत नाही. समीक्षक, इतिहासकार, मानसशास्त्रज्ञ, लोकसाहित्याचे अभ्यासक, शिक्षक आणि ग्रंथपाल एकच गोष्ट हाती घेतात आणि तिला निरनिराळे प्रश्न विचारतात.

लांडग्याला भेटलेल्या लाल टोपीवाल्या मुलीची युरोपीय कथा याचे ठळक उदाहरण. मनोविश्लेषक एरिख फ्रॉम यांनी 1951 मध्ये तिची टोपी ऋतुप्राप्तीचे प्रतीक मानली. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी 1984 मध्ये त्यावर हरकत घेतली : फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या कथेत लाल टोपी नव्हतीच, ती शार्ल पेरो यांच्या 1697 च्या पुस्तकातली. पेरोंकडे लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. तिला सोडवणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या संग्रहात (1812) येतो. पाठ कोणता, हे न पाहता लावलेला अर्थ कितीही चतुर असला तरी लंगडाच, हे डार्न्टन यांचे म्हणणे मान्य करावे लागते. जॅक झाइप्स यांनी हेच पाठभेद मुलींना वळण लावण्याच्या सामाजिक इतिहासाशी जोडले. मानवशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी 2013 मध्ये जीवशास्त्रातील वंशवृक्षाची रीत वापरून जगभरातील तिच्या भावंडकथांची नाती मांडली. (आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीचीही अशी वंशावळ कोणीतरी मांडायला हवी.)

‘बालपण’ ही कल्पनाच इतिहासात घडत गेली, असे फिलिप आरिएस यांनी 1960 मध्ये मांडले. पुढच्या इतिहासकारांनी त्यांचे अनेक निष्कर्ष खोडले, प्रश्न मात्र टिकला. जॅकलीन रोझ यांनी ‘पीटर पॅन’च्या निमित्ताने (1984) दाखवले, की या साहित्यात बोलतो तो प्रौढ, मूल ही त्याने रंगवलेली प्रतिमा. नॅन्सी लॅरिक यांनी 1965 मध्ये अमेरिकी बालपुस्तकांत कृष्णवर्णीय मुले जवळजवळ नसल्याचे मोजून दाखवले. प्रत्यक्ष वाचणाऱ्या मुलाकडे मात्र शिक्षक आणि ग्रंथपालांनीच अधिक लक्ष दिले. सिद्धान्तकारांनी त्यांच्या नोंदींची पुरेशी कदर केली नाही.

मराठीत मालतीबाई दांडेकर यांचे ‘बालसाहित्याची रूपरेखा’ हे महत्त्वाचे पुस्तक. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (1828) बर्कँ यांच्या फ्रेंच पुस्तकावरून इंग्रजीमार्गे आले. भाषांतराच्या अभ्यासकांना तेथे भरपूर काम आहे. मराठीतील विवेचन अजून मुख्यतः वाङ्मयेतिहास आणि समीक्षा यांच्याच चौकटीत आहे.