कृत्रिम रक्तवाहिनीत पेशींची पेरणी

अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील गावांतून मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी दीर्घकाळापासून येत आहेत. मूत्रपिंडे निकामी झाल्यास डायलिसिस करावे लागते. त्यासाठी हाताची धमनी व शीर जोडून ‘फिस्टुला’ तयार करतात. ही पद्धत १९६६ पासून प्रसिद्ध आहे. शिरा बारीक वा खराब असल्यास पीटीएफई या प्लास्टिकची, साधारण ६ मिलिमीटर व्यासाची नळी बसवितात. हीच कृत्रिम रक्तवाहिनी अर्थात ग्राफ्ट होय.

नैसर्गिक रक्तवाहिनीच्या आत एंडोथेलियल पेशींचा एकेरी थर असतो. तो रक्त गोठू देत नाही. प्लास्टिकला हे अस्तर नसल्याने गुठळ्या होतात, तसेच जोडापाशी पेशींची वाढ होऊन मार्ग अरुंद होतो. महाधमनीतील रुंद ग्राफ्ट वर्षानुवर्षे टिकते. बारीक नळी मात्र लवकर बंद पडते.

आर्थर व्हूरहीस व सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या महाधमनीत कापडी नळ्या बसविल्याचे १९५२ साली प्रसिद्ध केले. माल्कम हेरिंग यांनी १९७८ मध्ये कुत्र्याच्याच शिरेतील पेशी खरवडून ग्राफ्टवर ‘पेरल्या’. अशा नळ्यांत गुठळ्या कमी आढळल्या. मात्र, माणसांत तसे यश मिळाले नाही. शिरेतून मिळणाऱ्या पेशी थोड्या असतात आणि त्यांतील बऱ्याच प्रवाहात वाहून जातात. शिवाय कुत्र्याच्या तुलनेत मानवी ग्राफ्टवर नैसर्गिक अस्तर जोडापासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच सरकते.

यावर उपाय म्हणून व्हिएन्नातील शल्यचिकित्सकांनी १९८९ पासून रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पायाच्या ग्राफ्टमध्ये त्यांचे अस्तर दिले. या नळ्या अधिक काळ खुल्या राहिल्या; परंतु तयारीस काही आठवडे लागत असल्याने तातडीच्या शस्त्रक्रियेत त्यांचा उपयोग नव्हता.

पुढे पेशींकडून नळी विणवून घ्यायची आणि नंतर पेशी काढून टाकायच्या, असा मार्ग निघाला. अशा ‘सिमवेस’ या मानवी पेशींपासून बनविलेल्या रक्तवाहिनीस अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली; पण ती हातापायांच्या धमन्यांच्या दुखापतीसाठी, डायलिसिससाठी नव्हे.

त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णासाठी स्वतःची शीर हाच सर्वोत्तम पर्याय ठरतो. मूत्रपिंडाचा विकार बळावत असल्यास सलाईन वा रक्ततपासणीसाठी कोणत्या हाताच्या शिरा वापरू नयेत, हे डॉक्टरांना वेळीच विचारून त्या जपणे हिताचे.