इंग्रज आधी बर्फात गेले

"इंग्रज व्यापारासाठी भारतात आले" हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले. परवा नातवाने विचारले, "आजोबा, ते सरळ इकडेच आले का?" नाही रे बाबा, आधी ते बर्फात गेले!

आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट पोर्तुगीजांच्या हाती होती. म्हणून इंग्रजांनी उत्तरेकडून पूर्वेला जायचे ठरवले. १५५३ साली तीन जहाजे निघाली. त्यांतली विलोबीची दोन रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर अडकली आणि त्या हिवाळ्यात त्यांवरची सगळी माणसे मेली. तिसऱ्या जहाजावरचा चॅन्सलर मात्र मॉस्कोला पोहोचला. त्यातून १५५५ मध्ये मस्कोव्ही कंपनी उभी राहिली. अनेकांनी भाग घालायचे, नफा-तोटा वाटून घ्यायचा, अशी तिची रीत.

पुढे १५७६ मध्ये मार्टिन फ्रॉबिशर वायव्येला, आज कॅनडात असलेल्या बॅफिन बेटाकडे गेला. तिथून आलेल्या काळ्या दगडात सोने नाही, असे काही पारखी म्हणाले. एकजण आहे म्हणाला. लोकांनी त्या एकाचे ऐकले! राणी एलिझाबेथनेही पैसे घातले. १५७८ साली पंधरा जहाजे गेली आणि हजार टनांहून जास्त दगड घेऊन आली. डार्टफर्डला भट्ट्या पेटल्या, पण सोने काही निघाले नाही. पैसा उभारणारा मायकेल लॉक कर्जापायी तुरुंगात गेला. दगड भिंतींना आणि रस्त्यांना लागले.

एवढे होऊनही इंग्रज थांबले नाहीत, कारण तोटा वाटला जात होता. भाग घालण्याच्या त्याच रीतीने ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी. बरोबर २१७ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, तिची एक तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढली.

तोटा वाटून घेता येतो, मरण नाही. ते ज्याचे त्यालाच. वर्गात मी कंपन्यांची नावे आणि सनावळ्या पाठ करून घेतल्या, मेलेल्या माणसांबद्दल मात्र कधी बोललो नाही.

रविवारी नातवाला घेऊन पुलापलीकडे पेरण्याच्या जयस्तंभापाशी गेलो. तिथे पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत शेवटी 'नाक' असलेली महार सैनिकांची नावे बरीच. त्याला ती एकेक करून मोठ्याने वाचायला लावली. मीही ती अशी पहिल्यांदाच ऐकली.