शेणकिडे, उष्णकटिबंधीय वनांतील

ढालपंखी कीटकांच्या गणातील स्कॅरॅबिनी उपकुलाचे, मुख्यतः सस्तन प्राण्यांच्या विष्ठेवर जगणारे भुंगेरे. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आढळ. वर्तनानुसार तीन गट: गोळा करून दूर लोटणारे, विष्ठेखालीच बीळ खणणारे व तिच्यातच राहणारे. घनदाट वनात विष्ठा विखुरलेली व अल्पकाळ टिकणारी असल्याने तिच्यासाठी तीव्र स्पर्धा असते. अमेरिकेतील वर्षावनांत अनेक जाती पानांवर बसून गंधाचा मागोवा घेतात. पनामातील उरॉक्सिस गॉर्गॉन स्लॉथच्या केसांत राहतो. पेरूमधील डेल्टोकिलम वाल्गम हा मात्र विष्ठेऐवजी पैशांची (मिलिपीड) शिकार करतो. माकडांच्या विष्ठेतील बिया पुरल्या गेल्याने उंदीरवर्गीय प्राण्यांपासून त्यांचे रक्षण होते, फार खोल गेलेल्या बिया मात्र उगवत नाहीत (पहा: बीजप्रसार, वर्षावन).