खो-खो, पोट आणि पगार

हल्लीच्या पोरांना व्यावसायिक खेळाडू म्हटलं की अमेरिकेतला बास्केटबॉल आठवतो. सहा-साडेसहा फुटांचे खेळाडू, दिव्यांनी लखलखणारी मैदानं, आणि संघवाले दरवर्षी नवी पोरं निवडतात तो ड्राफ्ट नावाचा सोहळा. २०१५ साली पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसच्या संघाने त्यात ५२ व्या क्रमांकावर निवडलं. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. त्या मुख्य लीगचा एकही सामना पुढे त्याच्या वाट्याला आला नाही, ते सोडा. पण तिथला हिशेब सरळ आहे. पोरगं खेळतं, म्हणून त्याला पगार.

आमच्याकडे हा हिशेब कसा चालतो ते पाहायला येडशीहून लांब जावं लागत नाही. वीसेक किलोमीटरवर धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद. तिथली सारिका काळे. खेळ बास्केटबॉल नव्हे, खो-खो.

खो-खोच का? कारण साधं आहे. बास्केटबॉलला पक्कं मैदान हवं, बोर्ड हवा, कडी हवी, चेंडू हवा, आणि चांगले बूट हवेत. खो-खोला दोन खांब रोवले आणि फक्की मारली की झालं. आमच्या शाळांना तेवढंच परवडायचं. पण गरिबाचा खेळ म्हणून तो सोपा समजू नका बरं! आठ जण एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून उकिडवे बसतात, नववा पाठलाग करतो. एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून आडवं जायचं नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक. नऊ मिनिटं हे चालतं. सूर मारताना कोपरं-गुडघे सोलून निघतात. खांबाशी तर पुरी परीक्षा.

या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिकडे देशी खेळ दाखवून आली, त्यात खो-खोही होता. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे. पुढे १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे इतिहास मोठा, कौतुकही भरपूर. पण या साऱ्या काळात खेळाडूच्या ताटात काय पडत होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ते सारिकाने सांगितलं. तेराव्या वर्षी काकांनी तिला मैदानावर नेलं आणि ती खो-खोला लागली. वडील शरीराने अधू, त्यांच्याच्याने काम होत नसे. आई शिवणकाम करायची. घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असं तिने अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर वार्ताहरांना सांगितलं. चांगलंचुंगलं मिळे ते स्पर्धेच्या शिबिराला गेल्यावरच. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. रिकाम्या पोटी वर्गात बसलेलं पोर ओळखायला शिकलो. पण रिकाम्या पोटी नऊ मिनिटं पळणारी पोर ओळखायची कशी?

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवलं, कर्णधार सारिका. आणि त्याच २०१६ सालात घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. देशाची कर्णधार, आणि महिन्याचा किराणा कसा भरायचा ही विवंचना! प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांनी समजूत घातली, तेव्हा ती पुन्हा मैदानावर आली. पुढे सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. त्यानंतर घरची घडी बसली, असं तीच म्हणते. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. खो-खोला हा पुरस्कार त्याआधी १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला होता. मध्ये बावीस वर्षं गेली. करोनामुळे सोहळाही दूरदृश्य पद्धतीनेच झाला.

आता फरक पाहा. बास्केटबॉलवाल्याला खेळण्याचा पगार मिळतो. आमच्या पोरीला आधी उपाशीपोटी खेळून दाखवावं लागलं, मग पगार आला, आणि तोही खेळण्याचा नव्हे, कचेरीतल्या कामाचा. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे कित्येक घरं उभी राहिली, हे मान्यच. पण नोकरी लागेपर्यंतची दहा-बारा वर्षं कुणाच्या जिवावर काढायची? शाळेत अनेक मुली मी पाहिल्या. वाऱ्यासारख्या पळायच्या. नववी-दहावीला वडील विचारायचे, "गुरुजी, ह्यानं नोकरी लागंल का?" काय सांगणार? "लागेल" म्हणवत नसे. मग मुलगी मैदानावरून जायची.

२०२२ मध्ये खो-खोचीही लीग आली, अल्टिमेट खो-खो. मॅटवर सामने, टीव्हीवर प्रक्षेपण, खेळाडूंना लाखांत मानधन. खेळण्याचाच पैसा मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला, दुसरा कटकला. पण दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे! ज्या खेळाला बावीस वर्षांनी अर्जुन मिळवून दिला तो एका मुलीने, त्याच खेळाच्या लीगमध्ये मुलींना जागा नाही. संयोजकांची काही अडचण असेलही. मला ती पटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. अंतिम सामन्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या चार-पाच पोरी मोबाईलभोवती गोळा झाल्या होत्या. सामना संपल्यावर त्यातली एक उठली आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनालाच खांब समजून सूर मारून आली. तिच्या आजीने तिला चांगलंच फैलावर घेतलं.