परमुलखातील दुकान आणि इंग्रजी वही

प्रिटोरिया शहरात १८९३-९४ च्या सुमारास तिघे हिंदी लोक इंग्रजी शिकत होते : एक न्हावी, एक कारकून आणि एक किरकोळ दुकानदार. पहिले दोघे मुसलमान, तिसरा हिंदू. शिकविणारे होते तरुण बॅरिस्टर गांधी. पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला शेठांच्या दाव्यासाठी ते आफ्रिकेत गेले होते. शिष्यांना सवड नसे म्हणून मास्तरच त्यांच्याकडे जात, आणि पुष्कळदा ते कामात गुंतलेले पाहून वाट बघत. सुमारे आठ महिन्यांत दोघांना हिशेब ठेवण्यापुरते व साधे व्यापारी पत्र लिहिण्यापुरते इंग्रजी आले. न्हाव्याला मात्र गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतेच हवे होते!

या शिकवणीची खरी किंमत पुढे चार वर्षांनी कळली.

नाताळच्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून हिंदी गिरमिटिये जात होते. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले. त्यांतले पहिले म्हणून अबूबकर आमद झवेरी या मेमन गृहस्थांचे नाव घेतले जाते. ते मॉरिशसहून डरबनला आले. अशा पेढ्यांतून उधारीवर माल उचलून लहान दुकानदार आडगावी जाई. पहाटे दुकान उघडायचे, रात्री उशिरा लावायचे, नफा थोडा घ्यायचा. गिरमिटियांना तांदूळ, डाळ, मसाला हवा असे. झुलू गिऱ्हाईकही येई. हातात भांडवल थोडेच, खरे भांडवल पत. आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडील कोकणी मुसलमानांनीही याच काळात केपटाऊनला दुकाने थाटली.

गोऱ्या दुकानदारांना ही स्पर्धा सोसेना. नाताळ सरकारने १८९७ साली व्यापार-परवान्याचा कायदा केला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. नाकारला तर दाद नगरपालिकेकडे, आणि तिथे बहुधा तेच गोरे व्यापारी बसलेले. शिवाय वह्या इंग्रजीत हव्यात. गुजरातीत पै-पैचा चोख हिशेब ठेवणारा माणूस एका रात्रीत अडाणी ठरला. कित्येकांना पैसे मोजून दुसऱ्याकडून वही लिहवून घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखविण्याची अट घातली. केप वसाहतीने १९०२ साली हाच कित्ता गिरविला.

आता कोणी म्हणेल, इंग्रजी आले असते म्हणजे सारे सुटले असते काय? नाही. वही इंग्रजीत असूनही परवाने नाकारले गेलेच. पण वही नसणाऱ्याला भांडायलाही जागा उरली नाही.

ट्रान्सवालचे शेठ अहमद महंमद काछलिया यांची हकीकत मुलांनी जरूर ऐकावी. त्यांचे इंग्रजी बेताचेच. १९०८ साली ते तेथील हिंदी लोकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले व सत्याग्रहात उतरले. गोऱ्या सावकारांनी निरोप धाडला : चळवळ सोडा, नाहीतर आमचे पैसे एकदम टाका. मालमत्ता कर्जाहून अधिक होती, पण ती मालात आणि उधारीत अडकलेली. काछलियांनी हिशेब सावकारांपुढे मांडला आणि चळवळ सोडण्यास नकार दिला. दुकान दिवाळ्यात निघाले. विश्वस्तांनी माल विकला, येणे वसूल केले, आणि सावकारांच्या हाती पौंडामागे पुरे वीस शिलिंग पडले.