देवळाच्या पायरीवरचे कलावंत : पेडणे आणि डिचोली

उत्सवाच्या दिवशी पहाटे देवळाच्या चौकात सनई-चौघडा सुरू झाला म्हणजे आपण हात जोडतो ते गाभाऱ्याकडे पाहून. सनई फुंकणाऱ्याकडे, त्याच्या शेजारी अखंड सूर धरून बसलेल्या जोडीदाराकडे किंवा नगाऱ्यावर टिपरी चालविणाऱ्या हातांकडे फारसे कोणी पाहत नाही. देवस्थानांचे इतिहास लिहिले गेले. कुळे, महाजन, जीर्णोद्धार, पालख्या यांची वर्णने झाली. परंतु देवाला जागे करणारे हे लोक कोण होते आणि त्यांच्या लेकरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आज आम्ही पेडणे व डिचोली या दोन महालांपुरता विचारणार आहोत.

या दोन महालांचा इतिहास तिसवाडी, बार्देश व साष्टीपेक्षा वेगळा आहे. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि देव खाडीपलीकडे गेले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वश्रुत आहे. पेडणे, डिचोली व सत्तरी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर १७८८ साली. तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि या नव्या काबिजादीतील देवळे व त्यांचे परंपरागत आचार चालू राहिले. देऊळ राहिले म्हणून नौबत राहिली, आणि नौबत राहिली म्हणून ती वाजविणारी घराणीही राहिली. या भागातील संगीताच्या इतिहासाचे मूळ आम्हांस येथे दिसते.

येथील वाद्यमेळाचे तीन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पहिला देवळाचा : सनई, चौघडा, ढोल, ताशे, झांज. पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे नाचू लागतात ती या वाद्यांच्या घोषात. दुसरा मेळ घराघरांतला, म्हणजे सुवारीचा. त्यात घुमट, शामेळ आणि कासाळे. घुमट हे दोन तोंडांचे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत; या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचे कातडे वापरात आले आहे. चवथीच्या आरतीला हा मेळ जमतो तेव्हा त्यात शेतकरी असतो, सुतार असतो, शाळामास्तरही असतो. तिसरा मेळ दशावताराचा. पेटी, मृदंग आणि झांज या तीनच वाद्यांवर तो रात्रभराचे नाटक उभे करतो. संवाद आयत्या वेळी रचले जात असल्याने पेटीवाल्याचे डोळे सतत नटाच्या मुखाकडे लागलेले असतात. नटाने श्वास घेतला की पदाचा सूर तयार हवा. पावसाळ्यात शेत आणि जत्रांच्या दिवसांत गावोगावची वाट, असे या मंडळींचे वर्ष जाई.

सुवारीचा गडी आपल्या हौसेने वाजवी. न वाजविल्यास त्याला कोणी जाब विचारीत नसे. देवळाच्या वाजंत्र्याचे व कलावंतिणीचे तसे नव्हते. त्यांची सेवा जन्माने ठरे. सेवेच्या बदल्यात देवस्थानच्या जमिनीचा तुकडा किंवा उत्पन्नाचा वाटा मिळे, आणि ती सेवा सोडणे म्हणजे पोट सोडणे. घरातील स्त्रियांनी गावे व नाचावे, पुरुषांनी तबला, सारंगी किंवा सनई धरावी, अशी ही व्यवस्था होती. याच घरांत लहान मुलांच्या कानावर दिवसरात्र सूर व ताल पडत. जी विद्या इतरांनी वर्षानुवर्षे शिकावी, ती त्यांच्या अंगी बाळपणीच मुरे. मात्र त्या विद्येबरोबर जी अप्रतिष्ठा वाट्याला येई, तीही जन्मतःच येई.

पेडणे महालातील मालपे गावाचे नाव ज्यांनी आडनावातून देशभर नेले, त्या अंजनीबाई मालपेकर १८८३ साली जन्मल्या. आई व आजी दोघीही गाणाऱ्या. मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्यापाशी त्यांनी कठोर तालीम घेतली. ऐन कीर्तीच्या काळात, वयाच्या चाळिशीच्या सुमारास, त्यांनी मैफली सोडल्या व पुढे विद्यादान केले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली फेलोशिप दिली. हा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

डिचोलीचा वाटाही लहान नाही. सुरश्री केसरबाई केरकर या फोंडा महालातील केरीच्या; जन्म १८९२. कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकून त्या गोव्यात परतल्या. पुढे त्यांना रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली ती बुवा डिचोलीजवळच्या लामगावी येत तेव्हा. वझेबुवा सावंतवाडी संस्थानचे. म्हणजे सरहद्दीवर दोन राज्ये उभी असली तरी गाण्याची वाट एकच होती. पुढे मुंबईत अल्लादिया खाँ यांच्यापाशी केसरबाईंनी दीर्घ शिष्यत्व पत्करले. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, तीत त्यांची भैरवी आहे. यानांनी पृथ्वी सोडली त्याच वर्षी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. लामगावच्या ओसरीवर घोटलेला सूर आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करीत आहे.

वादकांतही या भागाची नावे गाजली. एकल हार्मोनियमवादनाने रसिकांस जिंकणारे पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर यांच्या आडनावात पार्से गाव आहे. गाव सुटले, तरी गावाचे नाव या मंडळींनी सोडले नाही.

मग प्रश्न असा की, गावाने त्यांना कितपत धरून ठेवले? देवळाने कला जोपासली, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु जिच्या स्वराने सभामंडप भरून जाई, तिला पंक्तीत समान पाट मिळत नसे, हेही खोटे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजातील विचारी मंडळींनीच सुधारणेचा ध्वज उभारला. गोमंतक मराठा समाज या नावाखाली ते एकत्र आले. मुलींचे विवाह व्हावेत, मुलांनी शाळेत जावे, यासाठी झटले. राजाराम पैंगिणकरांनी आपल्या आत्मकथेला 'मी कोण?' हे नाव दिले. त्या दोन शब्दांत एका समाजाची सारी वेदना आहे. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर याच समाजाचे. १९६३ साली ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. पेडण्याच्या मातीने त्या प्रश्नाला दिलेले हे एक उत्तर होय.

सुधारणेमुळे जन्माची सक्ती गेली, हे योग्यच झाले. तिच्यासाठी कोणी हळहळू नये. परंतु सक्ती गेली तेव्हा तिच्या जागी सन्मानाचे निमंत्रण यावयास हवे होते; पुष्कळ ठिकाणी आले ते ध्वनिक्षेपकाचे यंत्र. सनईवाल्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागला, यात त्याचा दोष काय? ज्या कामाला ना पुरेसे वेतन ना मान, ते त्याने केवळ आपल्या समाधानासाठी करावे, अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

देवस्थान समित्यांना आमचे एकच सांगणे आहे. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. त्याच भिंतीवर, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या देवळात वाजविले आणि गायिले त्यांची नावे वृद्धांना विचारून लिहावीत. जे अद्याप वाजवितात त्यांस योग्य वेतन द्यावे, आणि महाप्रसादाच्या पंक्तीत त्यांचा पाट आपल्या पाटाशेजारी मांडावा. देव रोज ज्यांच्या सुरांनी जागा झाला, त्यांची ओळख त्याला आपण करून द्यावी लागणार नाही. ती आपणांस करून घ्यावयाची आहे.