वाटेवरची नावे : नागपूर आणि मोटारीचा प्रवास

मराठी प्रवासवर्णनांच्या अभ्यासात पायी, बैलगाडीने, आगगाडीने आणि आगबोटीने केलेल्या प्रवासांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मुलाबाळांना घेऊन, स्वतः मोटार चालवत केलेल्या सहलीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ही सहल म्हणजे खाणे, पाहणे आणि विकत घेणे. तिच्यात वाङ्मयाला किंवा इतिहासाला काय सापडणार, अशी त्यामागची धारणा असावी. आम्हांला ती मान्य नाही. नागपूरला मोटारीने येणाऱ्या कुटुंबाचा दोन दिवसांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो : शून्य मैल, दीक्षाभूमी, दुपारी सावजी जेवण, संध्याकाळी बर्डीवर किंवा इतवारीत खरेदी आणि परतताना संत्राबर्फीचे डबे. या यादीतील नावे सावकाश वाचली तर शहराचा तीन शतकांचा इतिहास त्यांत उलगडतो.

प्रथम ज्या रस्त्याने आपण येतो त्याचाच विचार करू. १९४३ मध्ये प्रांतांच्या आणि संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तिच्यातून वीस वर्षांची रस्तेयोजना तयार झाली. 'नागपूर योजना' याच नावाने ती ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे व लहान जिल्हारस्ते आणि ग्रामरस्ते ही प्रतवारी त्या योजनेने रूढ केली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. म्हणजे त्या कल्पनेच्या केंद्रस्थानी गाव होते आणि गावातून बाजाराला निघालेला शेतमाल होता. आज समृद्धी महामार्गाने मुंबईकडून नागपूरला येता येते. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या ७०१ किलोमीटरांत गावे दुरून दिसतात, पण वाटेत लागत नाहीत. ठरावीक ठिकाणीच त्यावर चढता-उतरता येते. सोय मोठी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गावांची नावे वाचत येण्याची सवय या रस्त्याने मोडली आहे.

शहरात शिरल्यावर नावे पुन्हा भेटू लागतात. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने येथील बारा वाड्या एकत्र करून नगर वसवले, असे परंपरा सांगते. पुढे भोसल्यांची राजधानी येथे आली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही वस्त्यांची नावे त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांची आहेत. पुण्यात वारांच्या नावांपुढे 'पेठ' लागते. नागपुरात बाजार हा शब्द गळाला आणि उरलेले विशेषणच नाम झाले. शिवाय 'इतवारी'तील इतवार हिंदीचा आहे. दोन भाषांच्या सीमेवरचे हे शहर प्रथम बाजार म्हणून कसे नांदले, हे त्या एका शब्दात कळते. म्हणून इतवारीत लुगडे किंवा मसाला घेणारा प्रवासी इतिहासाबाहेर नसतो. त्या वस्तीचे मूळ कामच तो करत असतो.

सावजी जेवणाचेही तसेच. त्याच्या तिखटपणाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. ते ज्यांच्या घरचे, त्या हलबा-कोष्टी विणकरांची आठवण क्वचित निघते. नागपुरी लुगड्यांची ख्याती या हातमागांवर उभी होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले आणि गिरणीला ते नाव मिळाले. कालांतराने हातमाग मंदावले, पुढे गिरणीही बंद पडली. विणकरांच्या घरातील मसाला भोजनालयात आला, आणि गिरणीच्या जागेवर तिचेच नाव घेऊन खरेदीचा मॉल उभा राहिला. प्रवासी दुपारी जे खातो आणि संध्याकाळी जेथे कपडे घेतो, त्या दोहोंच्या मागे विणकामाचा अस्त आहे. ताटातील रश्श्याची तारीफ जरूर करावी. पण 'सावजी' हे केवळ चवीचे नाव नाही, हेही मुलांना सांगावे.

शून्य मैलाला देशाचा मध्यबिंदू समजून लोक छायाचित्रे काढतात. तेथे वालुकाश्माचा स्तंभ आहे, घोडे आहेत, आणि १९०७ ची सर्वेक्षणाची खूणही आहे. ती खूण समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची आहे. दगड उंची सांगतो, आपण त्यात केंद्र वाचतो. याच परिसरात आणखी एक स्मारक आहे; तेथे मोटारी फारशा थांबत नाहीत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल' हे नाव त्यांच्यामुळे आहे. या समाजाचा प्रश्न पुढे दोन शब्दांच्या वाचनावर येऊन ठेपला : सूचीतील 'गोंड गोवारी' या नोंदीत गोवारी येतात की नाही? २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गोंड राजाने वसवलेल्या शहरात, गुरे राखणाऱ्या एका समाजाचे भवितव्य एका जोडशब्दाच्या अर्थावर तोलले गेले. शब्दार्थाची चिकित्सा हा वर्गातला निरुपद्रवी व्यवहार आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

पुलावरून मोटार मिनिटाभरात पलीकडे जाते. नावाची पाटी तेवढ्यात वाचून होते. तिचा अर्थ मात्र कुणीतरी सांगावा लागतो. स्थलनामांचा अभ्यास आपण बहुधा ताम्रपट आणि बखरींपुरता ठेवला आहे. तो बाजार, खाणावळ, मॉल आणि उड्डाणपुलापर्यंत आणला पाहिजे, असे आम्हांला वाटते. सुटीत सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला परतल्यावर वाटेत वाचलेल्या दहा नावांचा वृत्तांत लिहायला सांगावे. प्रेक्षणीय स्थळांच्या वर्णनापेक्षा तो अधिक खरा उतरेल, आणि नागपूरला एकदा येऊन गेल्याचे समाधान मानणाऱ्या कुटुंबाला पुन्हा येण्याचे कारणही मिळेल.